डबा रिकामा जाऊ नये म्हणून

माझ्यासारख्यानं काही लिहावं का, हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला आणि प्रत्येक वेळी उत्तर 'नको' असंच आलं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. लिहिणं म्हणजे मला पाहुण्यांच्या बैठकीत जाऊन बोलण्यासारखं वाटतं, आणि आमच्याकडे पोरांनी पाहुण्यांच्या बैठकीत बोलायचं नसतं. शिवाय माझा विषयही मोठा नाही. तर्री, पोहे, आलूबोंडे आणि माझं पोट, एवढाच तो आहे. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. कंटाळा आला तर मध्येच उठून जावं, मला राग येणार नाही.

आमचं गाव नरखेड तालुक्यातलं. संत्र्या-मोसंबीचा बगीचा, थोडी कपाशी. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती. मी बी.ए.साठी नागपूरला आलो आणि महालातल्या एका बोळात खोली घेऊन राहू लागलो. खोलीत माझ्यासोबत खाप्याचा एक मुलगा होता. तो वकिलीचं शिकत होता आणि कितीही तळलेलं खाल्लं तरी उदबत्तीसारखा बारीक राहत होता. त्यानंच मला पहिल्यांदा एसटी स्टँडसमोरच्या पोह्यांच्या गाडीवर नेलं.

पोहे मला माहीत होते. आमच्या गावात ते मुलगी बघायला पाहुणे आले की होत, कोरडे, वर थोडा सांबार म्हणजे कोथिंबीर भुरभुरलेली. इथे गाडीवाल्यानं पोह्यांची बशी भरली आणि शेजारच्या मोठ्या गंजात पळी बुडवून लाल रस्सा, म्हणजे तर्री, वर ओतला. काळे हरभरे आणि वर तरंगणारं तेल. थंडीची सकाळ होती. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला नाकातून. तिसऱ्या घासाला मला वाटलं की उच्च शिक्षण घ्यायचं ठरवलं ते बरं केलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गेलो. मग सकाळी पोहे, दुपारी तर्री घातलेला आलूबोंडा आणि संध्याकाळी सांबारवडी असं चालू झालं. खानावळीचा वरणभात मला आजाऱ्याचं जेवण वाटू लागला. गाडीवाला मला दुरून येताना बघून बशी भरायला घ्यायचा. या शहरात मला ओळखणारा तो पहिला माणूस होता, हेही एक कारण असावं.

दिवाळीला घरी गेलो आणि बगीच्यात मोसंब्या तोडता तोडता पोट धरून खाली बसलो. बाबांनी बैलगाडी जुंपली आणि मला तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. माय पदर तोंडाशी धरून मागे बसली होती. डॉक्टरांनी पोट दाबलं. एका जागी दाबल्यावर मी ओरडलो. काय खातोस, असं त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, पोहे.

"पोह्यानं असं होत नाही," ते म्हणाले. "त्याच्यावर काय घेतोस ते सांग."

मी सांगितलं. आतड्याला सूज आहे, असं ते म्हणाले. तेल-तिखट बंद, तळलेलं बंद, ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, ताक. परतीच्या वाटेवर बाबा बराच वेळ बैलांशीच बोलत होते. बाबा तसे रागीट नाहीत. त्यांनी मला कॉलेजात घातलं तेव्हा भावकीतल्या लोकांनी नाकं मुरडली होती आणि बाबांनी ते ऐकून घेतलं होतं. पण पोरगा शहरात जाऊन दुखणं घेऊन आला, हे त्यांना भावकीसमोर दाखवणं जड जात होतं. गाव दिसू लागल्यावर ते म्हणाले, "पाह्य गा. परीक्षेपर्यंत पोट चांगलं राह्यलं तं शीक. पुन्हा दुखलं तं घरी येजो. बगीचा आहे, हिरीवर मोटर आहे. इथं काय कमी आहे?"

इथे काही कमी नव्हतं, हे खरंच होतं. पण मला शिकायचं होतं. का, ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

तोडगा मायनं काढला. आमच्याकडे शहरात शिकणाऱ्या पोरांचे डबे एसटीनं जातात. सकाळच्या पहिल्या गाडीत आयांनी डबे ठेवायचे आणि पोरांनी नागपूरच्या स्टँडवर ते उतरवून घ्यायचे. काल आलेला डबा रिकामा करून त्याच गाडीनं परत. माय म्हणाली, मी रोज डबा पाठवीन, तू बाहेरचं खाजो नको.

आता अडचण अशी की डबा घ्यायला स्टँडवर जावं लागे, आणि स्टँडसमोर ती गाडी. जगातलं सगळं पथ्य एकीकडे आणि तो गंज एकीकडे, आणि मी मधून चालत जायचो. आधी रस्त्याच्या पलीकडून जाऊन पाहिलं, तर वारा नेमका तिकडेच वाहायचा. श्वास रोखून जाऊन पाहिलं, तर ऐन गाडीसमोर श्वास संपायचा आणि मग जो मोठा श्वास घ्यावा लागायचा त्यात सगळी तर्री आत यायची. खोलीवरून पोटभर पाणी पिऊन निघालो, तर त्यानं दुसरीच घाई होऊ लागली. गाडीवाल्याला मी सांगितलं की डॉक्टरनं बंद केलंय. तो भला माणूस होता, हळहळला, आणि पोहे साधेच देतो म्हणाला. मग सवयीनं पळी ओतली.

ती बशी मी परत केली. आजही मला त्याचा थोडा अभिमान आहे.

खोलीतला मित्र संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून आलूबोंडे आणायचा आणि माझ्याकडे पाठ करून खायचा. पाठ केल्यानं वास थांबतो, असं त्याला वाटत असावं. मी भाकरीचा तुकडा ताकात बुडवत असलो की म्हणायचा, "महाराज, प्रवचन कधी आहे?" मी दुसरा तुकडा मोडायचो. तोंडात भाकर असे आणि मनात आलूबोंडा.

आता एक रिवाज सांगावा लागेल. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणीनं वाटीभर भाजी दिली तर वाटी परत जाताना त्यात चिमूटभर साखर तरी असते. हे मायनं आम्हाला चालायला शिकवतानाच शिकवलं असावं. त्यामुळे मायचा डबा मी रिकामा कसा पाठवणार? सुरुवातीला फुटाणे ठेवले. मग पेरू. एकदा काहीच नव्हतं म्हणून कॉलेजच्या आवारातल्या झाडाची चिंच ठेवली. डब्याच्या एसटीवर बहुतेक दिवस एकच कंडक्टर असायचा. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. तो डबा हलवून म्हणायचा, "आज काय वाजून राह्यलं बे?"

एके सकाळी मी हरलो. आदल्या रात्री मित्रानं सांबारवडी खाल्ली होती आणि कागद खोलीतच ठेवला होता. सकाळी स्टँडवर जाताना मी थेट गाडीसमोर उभा राहिलो आणि गरम आलूबोंडे घेतले. पुडा हातात. कागदाला तेल सुटलेलं. एका हातात पुडा, दुसऱ्या हातात रिकामा डबा, आणि समोरून आमच्या गावची एसटी स्टँडात वळत होती. तिच्या पाटीवर आमच्या तालुक्याचं नाव वाचलं आणि मला बैलगाडीतले बाबा आठवले. खाववेना. अन्न फेकायचं नसतं, म्हणून फेकवेनाही. मी डबा उघडला, आलूबोंडे आत ठेवले, झाकण दाबलं आणि कंडक्टरच्या हातात दिला.

आणि नवल असं, की मला हलकं वाटलं. विकत घेतले होते, हातात धरले होते, वास घेतला होता. राहिलं होतं फक्त खाणं, आणि ते आता एसटीनं काटोलच्या दिशेनं निघालं होतं. मोह असा गाडीत बसवून देता येतो, हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. मी ते नेमानं करू लागलो. रोज सकाळी घ्यायचं आणि पाठवून द्यायचं. कधी आलूबोंडे, कधी सांबारवडी, कधी कचोरी. घरी धाकटी बहीण खात असेल, मायही चाखत असेल, असं मी धरून चाललो. डबा रिकामा जात नव्हता, पोट दुखत नव्हतं. मी मित्रालाही ही पद्धत समजावून सांगितली. तो म्हणाला, मग माझ्याकडेच पाठव ना, एसटीचा त्रास काहून?

घरून मात्र काही कळत नव्हतं. पेरू पाठवले तेव्हा माय निरोप धाडायची, गोड होते म्हणून. आलूबोंड्यांवर चकार शब्द नाही. डबा रोज यायचा, भाकर, वरण, कधी चून म्हणजे पिठलं, ताकाची बाटली. पण निरोप बंद.

मग एक दिवस कंडक्टर म्हणाला, "आजकाल डबा घ्यायले तुहा बापच येते फाट्यावर."

मी विचारलं, काही बोलले का.

"काही नाही बोलला. डबा उघडला, वास घेतला, झाकण लावलं आन् चालला गेला."

बाबा कधीही डबा आणायला फाट्यावर जात नसत, ते काम बहिणीचं. आणि मग मला माझा मूर्खपणा दिसला. इतके दिवस मी रोज तेलानं माखलेला, तळणाच्या वासाचा डबा घरी पाठवत होतो. डबा उघडणाऱ्या माणसाला काय वाटेल? पोरगं मायची भाकर टाकून देतं, आलूबोंडे हाणतं आणि उरलेले घरी धाडतं. मी खात नव्हतो याचा पुरावा माझ्याजवळ नव्हता, आणि खात होतो याचा पुरावा मी स्वतः कंडक्टरच्या हाती रोज देत होतो. बाबा फाट्यावर तपासायला येत होते. परीक्षा तोंडावर आली होती.

त्या दिवसापासून मी फक्त पेरू पाठवले. मोठे, डाग नसलेले, निवडून घेतलेले. पेरूंवरही निरोप नाही. उलट थोड्या दिवसांत तो कंडक्टर दिसेनासा झाला. दुसरा आला, तो डबा खिडकीतून द्यायचा आणि तिकिटाशिवाय दुसरं काही बोलायचा नाही. मायच्या वरणाला आता मीठही बेताचं असे, जणू घरात कुणाला खाण्याचं लक्षच नाही. मी भाकर खायचो, ताक प्यायचो आणि पुस्तक उघडून बसायचो. पान पुढे सरकायचं नाही. पोटात कळ येते का, हे मी रात्रंदिवस पाहत राहायचो. मित्रानं थट्टा सोडून दिली आणि आलूबोंडे बाहेरच खाऊन येऊ लागला. त्याची ही दया मला फार टोचली. घरी जाऊन यावं असं वाटे, पण घरी गेलो की बाबा म्हणतील, आलाच आहेस तर राह्य, ही भीती. म्हणून गेलो नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तो मोठ्या मिशांचा कंडक्टर परत आला. सुट्टीवर होता म्हणे. मला पाहताच तो पायरीवरच खाली बसला आणि मांडीवर हात मारून हसायला लागला. लोक उतरायचे थांबले. मी म्हटलं, काय झालं ते सांगा, मला सोसत नाही.

मग सकाळी फाट्यावर डबा द्यायला आलेल्या मायकडून ऐकलेलं त्यानं सांगितलं, ते असं. बाबांचं पोट दुखलं. बगीच्यातच, पोट धरून खाली बसले. त्याच बैलगाडीतून त्यांना त्याच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दाबलं आणि जिथे मी ओरडलो होतो त्याच जागी बाबाही ओरडले. काय खाता, तर बाबा म्हणाले, घरचीच भाकर. तेव्हा डॉक्टर मायकडे वळले आणि मायनं सगळं काढलं, कारण तिलाही ते दोनच दिवसांपूर्वी कळलं होतं. पहिले आलूबोंडे आले त्या दिवशी बाबा सहज फाट्यावर होते, आणि तेव्हापासून रोज तेच डबा घ्यायचे, तिथल्या चिंचेखाली बसून एकटे सगळं संपवायचे, आणि ज्यांनी जन्मात कपबशी विसळली नाही ते बगीच्यातल्या मोटरीच्या धारेखाली डबा राखेनं घासून घरी आणायचे. बहिणीनं एकदा त्यांना घासताना पाहिलं. तोवर माय हेच समजून होती की पोरगा आता डबा रिकामा पाठवतो, शहरात गेला आणि रीत विसरला. म्हणून निरोप बंद होते. पेरू यायला लागले तेव्हा ते कुठून उगवले हे तिला कळेना. बाबांनी तेवढे मात्र घरी पोचवले होते.

"डागदरासमोर तुही माय म्हणते कशी," कंडक्टर म्हणाला, "पोट दुखलं तं घरी येजो म्हणत होते ना पोट्ट्याले? मंग तुमी आता कोठी जाता? तुमी तं घरीच आहा."

बाबा काय म्हणाले, हे मी विचारलं.

"आधी सदरा खाली ओढला. मंग म्हणे, राहू दे त्याले तिकडंच. शिकू दे. त्याचं पोट माह्यापेक्षा पक्कं आहे."

गाडी सुटायची वेळ झाली. मी आणलेला डबा त्यानं हातात घेतला, सवयीनं हलवला, आणि आतले पेरू काढून माझ्या हातात ठेवले.

"तुह्या मायनं सांगतलं आहे," तो म्हणाला. "आता डबा रिकामाच पाठवजो."