मला जुनाच मदरबोर्ड हवा होता

मंडळी, दुपारी गेवराईहून परत आले. अजून डोकं सुन्न आहे.

मी स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिते आहे. ती सुरू होतानाच बंद पडली, तर स्क्रीनवर काहीच दिसत नाही. कुठे अडली हे कळायला मागे सिरियल पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटर लागतो. त्या पोर्टातून माझ्या लॅपटॉपवर संदेश येतात. महिनाभर शोधल्यावर गेल्या आठवड्यात गेवराईत जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात तसा एक सापडला. दुकानदार मामांना मी म्हणाले, "हाच माझ्यासाठी ठेवा."

आज न्यायला गेले. मागची बाजू पाहिली, तर पोर्टच नाही.

"मामा, हा तो नाही."

"कॅबिनेट तेच हाय, ताई. आतला बोर्ड बदलला. लई जुना होता. तुमच्यासारख्या लेकीच्या गळ्यात खटारा कसा बांधावा? भाव तोच."

"आणि जुना बोर्ड?"

"सकाळीच भंगारात गेला. फोडला बी असंल. कावून, काय झालं?"

मी पोर्टचं सांगितलं. मामांचा चेहराच उतरला. "आवं, त्या दिशी कशाला पायजे इचारलं तवा का न्हाई बोलल्या?"

त्या दिवशी मी फक्त "काम आहे" म्हणाले होते. खरं सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी सांगतच नाही.

मामा हसले नाहीत. उरलेले सगळे कॉम्प्युटर त्यांनी स्वतः फिरवून पाहिले. एकालाही तो पोर्ट नव्हता.

लोक हसतील म्हणून गप्प राहिल्याने तुमचंही असं काही हातचं गेलंय का?