सविताच्या वाटणीची वेळ अमावस्या

सविता आमच्या वरच्या खोलीत तीन वर्षांपासून भाड्यानं राहते. रत्नागिरीत एका दवाखान्यात ती नर्स आहे, पण गाव सोलापूर जिल्ह्याच्या अगदी टोकाला, दुधनीजवळ. वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या शेतात जेवायच्या सणाला, ती दरवर्षी गावी जायची आणि येताना डबाभर शेंगांच्या पोळ्या आणायची. यंदा रजा मिळाली नाही. जिन्यात बसून आईला फोनवर ते सांगताना तिचा आवाज रडवेला झाला होता. मग खाली येऊन मला म्हणाली, "काकू, तुम्ही दोघं जा ना. माझ्या वाटणीचं जेवून या."

मी ते हसण्यावारी नेलं. अनिलनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नाही नेलं. शाळेत चित्रकला शिकवून तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालाय आणि घरात बसून कंटाळलाय. त्याच संध्याकाळी तो गाडीत हवा भरून आला.

अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळी सहाला निघालो. आंबा घाट, कोल्हापूर, मिरज, सांगोला, मंगळवेढा असा सरळ रस्ता आहे. घाटात काही ठिकाणी कामं चालू होती, तेवढा जास्तीचा वेळ हाताशी ठेवा. मिरजेच्या पुढे मात्र गाडी नुसती पळते. आम्हा कोकणातल्या माणसांना एवढं सपाट, एवढं उघडं रान बघायची सवय नाही. दोन तास क्षितिजच बघत होतो.

सांगोल्याजवळ रस्त्याकडेला डाळिंबांचे ढीग दिसले म्हणून थांबलो. विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुटं निगालाय?"

"दुधनीला. वेळ अमावस्येला."

"मग डाळिंबं कशाला नेताय? उद्या तितं पोटात जागा न्हाय राहायची," असं म्हणत त्यांनी दोन किलो तोलून दिलीही.

मुक्काम सोलापुरात, स्टेशनजवळच्या साध्या लॉजवर. खोली पंधराशेला मिळाली, स्वच्छ होती. रात्री कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि पिठलं जेवलो; दोघांचं मिळून चारशेच्या आत. एक सूचना: पेट्रोल आदल्या दिवशीच भरून घ्या. सणाच्या दिवशी त्या भागातली माणसं सकाळीच शेतावर जातात आणि बाजारात शुकशुकाट असतो.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोट मागे टाकलं तसा रस्ता अरुंद झाला आणि दुकानांच्या पाट्यांवर कानडी अक्षरं दिसू लागली. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, ट्रॅक्टरमध्ये बसलेली कुटुंबंच्या कुटुंबं, सगळे शेताकडे निघालेले. सविताच्या आईवडिलांना मी पहिल्यांदाच भेटत होते. वडील बसवराजअण्णा, उंच, कमी बोलणारे. आई महादेवीअक्का, त्यांच्या अगदी उलट. "बर्री, बर्री," म्हणजे या, या, म्हणत त्यांनी माझा हातच धरला. "पोरगी न्हाय आली, पण तिची मानसं आली. लई झालं की."

शेतात ज्वारी माणसाएवढी उभी होती. तिच्या मध्यावर कडब्याची छोटी कोप, म्हणजे खोपटं, केलेली आणि तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड. ते पांडव. त्यांची पूजा झाली की सगळं रान जेवायला बसतं. अक्का पहाटे तीनपासून राबत होत्या. भज्जी म्हणजे आपली कांदाभजी नव्हे. हरभरा, तूर, वाटाणा, पावटा, गाजर, मिळेल तो पाला, सगळं बेसन घालून शिजवलेलं दाट आंबट कालवण असतं ते. बरोबर बाजरीचे वाफवलेले उंडे, शेंगांच्या पोळ्या, खीर आणि मातीच्या मडक्यात थंडगार आंबील.

वाढण्याआधी अक्का म्हणाल्या, "आज बांधावरनं जाईल त्याला हाक मारायची. जेवल्याबिगर सोडायचं न्हाय."

अनिलला हे फार आवडलं. तो बांधावर जाऊन उभाच राहिला. एका मेंढपाळ नवराबायकोला घेऊन आला, मोटरसायकलवरच्या दोघांना थांबवलं. मग शेजारच्या शेतात एक माणूस एकटाच कोपीपुढे बसलेला त्याला दिसला. अनिल थेट त्याच्याकडे गेला. मी लांबून बघत होते. त्या माणसानं काहीतरी विचारलं, अनिलनं काहीतरी सांगितलं आणि दोघं आमच्याकडे यायला निघाले.

अक्कांच्या हातातला डाव तसाच राहिला. अण्णा उठून उभे राहिले.

तो शिवानंद होता, अण्णांचा धाकटा भाऊ. हे आम्हाला अक्कांनी नंतर सांगितलं. वाटणी झाल्यावर विहिरीच्या पाण्यावरून दोघांचं फाटलं होतं. प्रकरण तालुक्याच्या कोर्टात आहे. चार वर्षं एका बांधाच्या दोन बाजूंना राबूनही त्यांनी एकमेकांशी शब्द काढला नव्हता. शिवानंदची बायको त्या दिवशी माहेरी आजारी आईजवळ होती, म्हणून तो एकटा.

तो अण्णांकडे न बघता म्हणाला, "तुमी बोलावलंय म्हनले हे. म्हून आलो."

अण्णांनी अनिलकडे बघितलं. अनिलचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "त्यांनी विचारलं, कुणी पाठवलं. मी म्हटलं, घरच्यांनी. मला वाटलं, असंच म्हणायचं असतं. अण्णांना काही माहीत नाही."

शिवानंदनं मान डोलावली. "व्हय, मला वाटलंच," म्हणाला आणि पायात चप्पल सरकवून माघारी वळला. मला भूमी दुभंगावी असं झालं. पाहुणे म्हणून आलो आणि या माणसाचा चारचौघांत अपमान करून ठेवला.

तेवढ्यात अक्कांनी एक ताट घेऊन त्यात भज्जी वाढली, उंडा ठेवला आणि ते अण्णांच्या शेजारी जमिनीवर मांडलं. अण्णांनी ताटाकडे बघितलं.

"ताट वाढलंय," ते म्हणाले. "बस."

शिवानंद बसला. दोघं भाऊ खाली मान घालून जेवले. अक्का वाढत राहिल्या. तिसऱ्या पोळीला शिवानंद "साकु, साकु," म्हणजे पुरे, असं म्हणाला, तेव्हा अण्णा ताटातून नजर न काढता बोलले, "वाढ त्याला. दोनावर कवा थांबलाय त्यो?" मेंढपाळीण फसकन हसली आणि मग सगळेच हसले.

जेवणानंतर शेताभोवती आंबील शिंपडत फिरतात. पुढचा मडकं घेऊन एक ओळ पुकारतो, मागचा तिला उत्तर देतो. शब्द मराठी-कानडीच्या मधले; अर्थ अण्णांनाही सांगता आला नाही. उत्तर द्यायचं काम त्यांनी अनिलला दिलं होतं आणि अनिलनं ते सकाळपासून पाठ केलं होतं. पहिल्याच ओळीला त्याची जीभ अशी वळली की शिवानंद पोट धरून हसला. "सर, तसं न्हाय ते." त्यानं म्हणून दाखवलं. अनिलनं पुन्हा प्रयत्न केला, आणखी बिघडवलं. "जाऊ द्या, सर. तुमी फोटू काढा," म्हणत शिवानंद अण्णांच्या मागे जाऊन उभा राहिला.

अण्णांनी ओळ पुकारली. मागून उत्तर आलं, खणखणीत. ज्वारीत दोघंही दिसेनासे झाले, नुसते आवाज फिरत होते. अक्का पदर तोंडाला लावून ऐकत उभ्या होत्या. फेरी पूर्ण होऊन दोघं बांधाशी आले. मडक्यात थोडी आंबील शिल्लक होती. अण्णा क्षणभर थांबले, मग बांध ओलांडून धाकट्याच्या शेतात शिरले आणि तिथंही पुकारत पुढे गेले.

संध्याकाळी अक्कांनी सविताला फोन लावला. "काका जेवून गेला," एवढंच त्या म्हणाल्या. मग सवितानं फोन मला द्यायला सांगितला. "काकू, काय केलंत तुम्ही?"

"आम्ही काही नाही गं. सरांनी घोटाळा केला."

रात्री त्यांच्याकडेच राहून सकाळी निघालो तेव्हा शिवानंद फाट्यावर उभा होता. भावाच्या घरापर्यंत काही आला नाही. तुरीच्या शेंगांचं पोतं गाडीत टाकलं, अनिलचा हात हातात घेतला आणि सायकलवर बसून गेला.

घरी येऊन आता महिना होत आला. खर्च, रस्ता, जेवण हे सगळं वर लिहिलंच आहे. जायचं असेल तर ओळख काढून जा, नाही निघाली तरी जा. उपाशी परत पाठवणार नाहीत. अनिल मात्र अजून मधूनच म्हणतो, तो माणूस खरंच माघारी गेला असता तर? मलाही ते कधीकधी आठवतं.

कोर्टातलं प्रकरण तसंच आहे. विहीर एक आणि वाटेकरी दोन. पण गेल्या रविवारी सविताला काकांचा फोन आला. ती जिन्यातच बसून बोलत होती. अर्ध्या तासानं खाली आली तेव्हा डोळे लाल होते.

मी विचारलं, "काय म्हणत होते?"

"म्हैस व्यायली म्हणाले. रेडकू झालंय. हरभरा बरा आहे. काकीच्या आईला बरं वाटतंय. गल्लीत कुणाकुणाची लग्नं झाली ते सांगितलं."

"आणि भांडणाचं?"

"त्याचं काहीच नाही," ती म्हणाली. "चार वर्षांचं बाकीचंच एवढं सांगायचं होतं, काकू. ते अजून संपलं नाहीये. उद्या परत फोन करतो म्हणाले."