बारांतला वरचा ग्लास

१८ अर्दिबेहेश्त १३५० फसली, म्हणजे इंग्रजी १९४१चा मार्च. निजामाच्या हाली शिक्क्याचे छत्तीस रुपये ठरले, पैकी वीस आगाऊ मिळाले. गंगाखेडला किराणा दुकानाच्या गादीवर तेव्हा आम्ही चौघे होतो: मुलीचे वडील, ज्यांना सारं गाव आप्पा म्हणे, त्यांचे मुनीम, माझे साडू आणि मी.

आप्पांच्या मुलीचं लग्न वैशाखात होतं. पन्ह्यासाठी बारा डझन काचेचे ग्लास हवे होते, प्रत्येकावर आंब्याची डहाळी आणि खाली वधूवरांची नावं. काचेसकट ग्लासाला चार आणे. मी डहाळीऐवजी नंदी सुचवला होता. आप्पा म्हणाले, "नंदीला उष्टं तोंड लावायला सांगता का लोकायला?" मी वरमलो.

मी परभणीच्या कापूस जिनिंगमध्ये कारकून. ग्लास छापायची विद्या हैदराबादला एका कारागिराकडून शिकलो होतो. लाकडी चौकटीवर रेशमी कापड ताणायचं, नक्षी तेवढी मोकळी ठेवून बाकीचं कापड लाखेनं बुजवायचं. मग त्यावर दाट तेलरंग घालून रबराची पट्टी ओढायची आणि खाली ग्लास त्याच गतीनं फिरवायचा. हात जरा हलला की अक्षर फाटतं. दिवसाला चोवीसच्या वर मी कधी छापले नाहीत.

पण एवढ्यानं रंग टिकत नाही. पाव निघाल्यावर नानबाईच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीत जी धग उरते, तिच्यात ग्लास दोन तास ठेवावे लागतात. तेव्हा कुठे रंग काचेला धरतो. नुसतं बघून भाजलेला आणि कच्चा ग्लास ओळखू येत नाही. भट्टीचं काम साडूंकडे होतं, कारण ते नानबाईच्या गल्लीतच राहत. भाजणावळ ग्लासाला अर्धा आणा. तिचे साडेचार रुपये मी त्यांच्या हातात आधीच दिले होते.

ग्लास भाजून आले की मी प्रत्येक डझनाच्या पेटीतून एक काढून ओल्या राखेनं घासून बघे. नेहमी वरच्या थरातला, डाव्या कोपऱ्यातला. म्हणजे पेटीत भरलेलं गवत विस्कटत नसे. साडू हसत, "साडूभाऊ, काचेची नाडी बघायलाव का?" याही वेळी बारा पेट्यांतले बारा ग्लास घासले. एकाचाही रंग हलला नाही. पेट्या पोचवून मी उरलेले सोळा रुपये घेतले आणि आप्पांना शब्द दिला, "मुलीच्या नातवंडांनी घासले तरी नावं जायची न्हाईत."

लग्नाच्या दिवशी पहिली पंगत उठली, बायकांनी ग्लास राखेनं घासायला घेतले आणि ओरडा झाला. मी आडाकडे धावलो. घंगाळातलं पाणी हिरवं झालं होतं. मुलीची मावशी हातातला कोरा ग्लास दाखवत म्हणाली, "मांडवात पोरीचं नाव पुसलं हो!" वराचे चुलते मिशीला लागलेला रंग उपरण्यानं पुसत होते. "आमी पोरीला आमचं नाव लावायला आलो होतो. तुमी तर धुऊन काढलं." काहीजण हसले. आप्पा हसले नाहीत. मुलगी बाशिंग बांधून आत बसली होती. तिला कोणी सांगितलं ते मला माहीत नाही, पण तिचं रडणं बाहेर ऐकू आलं.

मी तिथंच बसून एकशे चव्वेचाळीस ग्लास घासले. बारांवरची नावं जशीच्या तशी राहिली. तेव्हा मला कळलं.

परभणीला परतून नानबाईकडे गेलो. तो म्हणाला, "तुम्हारे साडू एकीच दिन आये थे जी. बारा गिलास लाये थे."

साडू ओसरीवर सुपारी कातरत होते. नाकारलं नाही. "तुमी कोणता ग्लास काढता, मला पाठ हाय. तेवढे भाजले. बाकीच्यायला कोण राख लावतं म्हणलं."

"लग्नात लावली."

"मंग एवढा बारीक हिशोब ठेवून तुमाला दिसलं कसं न्हाई?"

मी ओसरी उतरलो. साडेचार रुपयांनी मी बुडालो नसतो. पण दोन वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून मी कुठे बघतो आणि कुठे बघत नाही, एवढंच शिकत होता. घरी बायको म्हणाली, "अहो, बहिणीचं घर हाय माझ्या. तोंड उघडू नका." मी उघडलं नाही. चौकट मात्र फोडून चुलीत घातली.

पुढच्या शुक्रवारी गंगाखेडला जाऊन आप्पांचे छत्तीसही रुपये परत केले. आप्पांनी हात पुढे केला नाही; मुनीमांनी मोजून घेतले. साडूंकडून काही आलं नाही, मी मागितलंही नाही. आणि त्या बारा ग्लासांची भाजणावळसुद्धा त्यांनी चुकती केली नव्हती, असं कळल्यावर सहा आणे मी नानबाईला दिले.