नकारात्मक गंधानुभव

दार मी उघडलं. कुणी सांगितलं नव्हतं. परिषदेच्या प्रमुख पाहुण्यांना हात धुवायचे होते, त्या बावरून इकडंतिकडं बघत होत्या, आणि पुढं पुढं करायच्या माझ्या जुन्या खोडीला जागून मी "या, इकडं या" म्हणत बाईचं चित्र असलेल्या दाराची कडी सरकवली. आधी वास आला. त्याच्यामागोमाग गुंडाळलेले फलक आले, मग एक लंगडी खुर्ची, मग वाळक्या पुष्पगुच्छांचा भारा, आणि सगळ्यात शेवटी 'समान अवकाश, समान सन्मान' असं लिहिलेली एक कापडी पट्टी पाहुण्यांच्या पायांपाशी सावकाश उलगडत गेली.

विद्यापीठाच्या लिंगभाव अभ्यास केंद्राच्या मजल्यावरचं बायकांचं स्वच्छतागृह ही केंद्राचीच अडगळीची खोली आहे, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं. मी त्या दिवशीचा नुसता ड्रायव्हर. आमच्या वहिनीचा निबंध होता विद्यार्थी संशोधन परिषदेत, आणि दादाला भाषण सुरू झालं की घोरायची सवय, म्हणून तिच्याबरोबर मी.

वहिनीने पोरं मार्गी लागल्यावर या केंद्रात एम.ए.ला नाव घातलं. दादा म्हणाला, "म्हणजे आता घरबसल्या नवऱ्याचा अभ्यास."

"तुमच्यावर अर्ध्या पानाच्या वर मजकूर निघायचा नाही," वहिनी म्हणाली, आणि फॉर्म भरून टाकला.

वहिनीची ओळख सांगायची तर नाकापासून सुरुवात करावी लागते. दूध करपायच्या आधी तिला कळतं. माझ्या मोज्यांना त्या घरात कायमची बंदी आहे. आणि जे तिला पटत नाही त्याला तिच्याकडे एकच शब्द आहे, घाण. माझं अक्षर घाण, शेजाऱ्यांचं गाणं घाण, आमच्या मामाचं प्रत्येक लग्नातलं तेच ते भाषण तर फारच घाण.

वर्गात तिच्या लक्षात आलं की मुली पाण्याच्या बाटल्या भरून आणतात आणि तशाच भरलेल्या घरी नेतात. तिने शेजारच्या मुलीला विचारलं, "पाणी का पीत नाहीस गं?"

"काकू, प्यायलं की जावं लागतं."

झालं, वहिनीला विषय मिळाला. नाकाला रुमाल लावून ती एकेक विभाग पालथा घालत सुटली. कुठं कडी नाही, तर मैत्रीण बाहेरून पायाने दार दाबून उभी. कुठं नळाला पाणीच नाही. कुठं भिंतीवर मोठ्या अक्षरात 'स्वच्छता राखा' आणि खाली असं काही, की वहिनी त्या दिवशी घरी येऊन ताटावरून उठली. दादा कुरकुरला, "अगं, जेवताना तरी विषय बदल."

"विषय बदलून काय होतंय? संडास बदलायला पाहिजेत."

निबंधात तिने सरळ लिहिलं होतं, 'तिथं घाण वास येतो, म्हणून मुली दिवसभर पाणी पीत नाहीत.' केंद्राच्या संचालकबाई म्हणाल्या, "भावना पोहोचते हं, पण ही परिभाषा नव्हे." मग त्या वाक्यावर संस्कार झाले. होता होता ते असं झालं: 'अभ्याससहभागींनी नकारात्मक गंधानुभव नोंदवला असून त्यातून जलग्रहणसंकोच दिसून येतो.' वहिनीने घरी वाचून दाखवलं तेव्हा दादाने काळजीने विचारलं, "कुणाला झालंय हे?"

केंद्राची स्वतःची इमारतही बाईंनी निबंधातून काढायला लावली. "आपल्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाचं काम प्रस्तावित आहे ना." वहिनीने तेही गिळलं. कारण परिषदेत ज्याचा निबंध पहिला येतो त्याला पुढं पीएच.डी.ला घ्यायची केंद्राची पद्धत होती, आणि वहिनीला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की आयुष्यात प्रथमच तिने घाणीला दुसरं नाव देऊ दिलं. पण त्या दिवसापासून तिला आपल्याच कागदांचा वास येऊ लागला होता. टाइप केलेली पानं ती चिमटीत धरायची.

तर त्या दाराच्या प्रकारानंतर संचालकबाईंनी वहिनीला कोपऱ्यात घेतलं. मी पट्टी गोळा करत तिथंच वाकलेलो होतो. "कुणी विचारलंच तर दुरुस्ती चालू आहे म्हणा. पहिल्या क्रमांकासाठी तुमचंच नाव पुढं आहे. जरा जपून."

वहिनीने आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मोज्यांकडं बघते तसं.

तिची वाचायची वेळ आली. चष्मा लावून ती नीट वाचत होती, आवाजही लागला होता. 'अभ्याससहभागींनी नकारात्मक' इथं येऊन ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडली. मग तिने पान उलटं करून टेबलावर ठेवलं.

"हे वाक्य माझं नाही," ती म्हणाली. "मी लिहिलं होतं, घाण वास येतो. येतोच. आणि या मजल्यावर मुलींना तेवढीही सोय नाही, कारण दाराला बाहेरून कडी आहे. सकाळी ती आमच्या भाऊजींनी काढली. त्यांना नको तिथं नाक खुपसायची सवय आहे, पण आज बरं केलं."

मागच्या बाकांवरच्या मुली आधी हसल्या, मग टाळ्या वाजवू लागल्या. वहिनीची वेळ शिल्लक असतानाच वेळ संपल्याची घंटा वाजली. पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी हनुवटी कुरवाळत विचारलं, "पण घाण ही सापेक्ष संकल्पना नाही का?"

"जाऊन या," वहिनी म्हणाली, "मग बोलू."

पहिला क्रमांक 'शौचालय: एक रूपक' या निबंधाला मिळाला. लिहिणारा पोरगा चुणचुणीत होता, शर्टाला कडक इस्त्री होती, आणि त्याच्या निबंधात नळ, कडी, बादली यांतलं काहीही नव्हतं. संचालकबाईंनी आभार मानताना 'मोकळं वातावरण' हे शब्द इतक्यांदा वापरले की मला गुदमरायला लागलं. म्हणून बाहेर आलो, तर केंद्रातलीच दोन शिकलीसवरली माणसं फलक, खुर्ची आणि वाळकी फुलं पुन्हा त्या दारात कोंबत होती. 'समान सन्मान' गुंडाळी करून वर ठेवला, दार खांद्याने रेटलं आणि कडी घातली. त्यातला एक माझ्याकडं बघून ओळखीचं हसला. इतका ओशाळवाणा ओलावा त्या हसण्यात होता, की मी खिशातला रुमाल काढून हात पुसले. माझे हात कोरडेच होते.

गाडीत वहिनी पुढं बसली होती. कागद तिने मागच्या सीटवर टाकून दिले होते. फाटकाबाहेर पडल्यावर मला राहवेना.

"वहिनी," मी म्हटलं, "पीएच.डी.चं आता काही खरं नाही. फार वाईट वाटतंय का?"

"वाईट मग वाटून घेईन भाऊजी, आधी बरासा संडास दिसेल तिथं गाडी थांबवा."