फोलपटांचा डबा

बातमी आली तेव्हा मी हिंगण्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होतो. खिडकीला डोकं टेकलेलं, डोळा अर्धवट लागलेला, बाहेर धुकं... शेजारच्या काकूंचा फोन. "भाऊ, वापस या. मामी उठूनच नाही राहिल्या." एवढंच. बस चालते आहे की थांबली आहे, तेही कळेना. छातीत ती जुनी, ओळखीची गाठ आवळायला लागली. आणि मग लक्षात आलं, माझे ओठ आपोआप गोल झालेत, मी हळूच फुंकर घालतोय. लांब... पुन्हा लांब. बाजूचा सहकारी म्हणाला, "का गा, चहा गरम आहे का?" हातात चहा कुठला! ही फुंकर मला मामींनीच शिकवलेली. पुढच्या चौकात उतरलो आणि ऑटो केला.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला मामीच म्हणतात. चार वर्षांपूर्वी माझी बायको रेखा तापाचं निमित्त होऊन आठवड्यात गेली, तेव्हा त्या कुहीहून, आपल्या गावाहून, आमच्या शहरातल्या बेसाच्या फ्लॅटवर दहा दिवसांसाठी म्हणून आल्या. सोबत कपड्यांची एक पिशवी आणि बांबूचं एक सूप. आमची मनू तेव्हा सहा वर्षांची, मी सकाळपाळीचा माणूस... मामी राहिल्या त्या राहिल्याच. जावयाच्या घरी सासू राहते म्हणून नातेवाईक कुजबुजले, तर म्हणाल्या, "लोकायच्या तोंडाले काय झाकण लावता?"

त्याच दिवसांत मला भलतंच दुखणं लागलं. ड्यूटीचे बूट घालायला बसलो की श्वास अडकायचा. बोटांना मुंग्या, घशाला कोरड, आता आपण मरतो ही पक्की खात्री. ईसीजी चांगला निघाला. डॉक्टर म्हणाले, हा भीतीचा झटका आहे, घाबरू नका. अहो, घाबरू नका म्हटल्यानं आजवर कोणी घाबरायचं थांबलंय का! मित्र म्हणायचे, लंबी सांस घे. मी हावऱ्यासारखा हवा ओढायचो आणि आणखीच गुदमरायचो. खाडे वाढत चालले, नोकरी हातची जायची वेळ आली. मनूचं कसं होईल, या विचारानं तर उरलासुरला श्वासही जायचा.

अशाच एका सकाळी एक पाय बुटात, एक बाहेर, भिंतीला टेकून बसलो होतो. गॅलरीत कोवळं ऊन आलं होतं, तिथं मामींनी सतरंजी टाकली आणि माझ्या मांडीवर सूप ठेवलं. सुपात तांदूळ, आणि त्यात साळीची पिवळी फोलपटं. "मले बारीक दिसत नाही बापू. एवढे फोलपटं उडवून द्या."

"मामी, मी मरून राहिलो अन् तुम्हाला तांदळाचं पडलं?"

"मरा मंग सावकाश. आधी एवढं करा."

सुपावर फुंकलं. "जोरानं नाही. जोरानं फुकलं तं तांदूळच उडते. बारीक, लांब... आत घ्याची घाई नका करू. गेलेला वारा आपल्या पायानं वापस येते." फोलपटं उचलायची, उन्हात क्षणभर तरंगायची आणि कठड्यापलीकडे कुठं जायची कोण जाणे. मी त्यांच्याकडेच बघत राहिलो. दहा-बारा फुंकरींनंतर बोटांच्या मुंग्या गेल्या होत्या. त्या दिवशी अर्धा तास उशिरा का होईना, ड्यूटीवर गेलो.

मग तो आमचा नेमच झाला. तांदूळ कुहीहून यायचा, मामींचे धाकटे भाऊ देवरावजी आपल्या शेतातला पाठवायचे. दर खेपेला सुपात फोलपटं. तब्येत सुधारली तशी माझी जीभही सुधारली. फोनवर देवरावजींना सुनवायचो, "तुमचा मशीनवाला झोपा काढते का? तांदूळ पाठवता की कोंडा?" ते बिचारे म्हणायचे, "चुकलं जवाई. पुढच्या खेपेले पायतो." मामी बाजूला बसून पदरात हसायच्या. त्या हसण्याचा अर्थ मला चार वर्षं कळला नाही. असा शहाणा मी.

मामींना जाऊन आता दीड महिना झाला. गेल्या रविवारी देवरावजी तांदूळ घेऊन आले. मी पिशवी सुपात ओतली... पांढरा स्वच्छ तांदूळ, एक फोलपट नाही. सूप हलवून पाहिलं, हात फिरवून पाहिला. माझा चेहरा पाहून म्हातारा खाली बसला.

"जवाई, आमचा तांदूळ पहिल्यापासून असाच साफ येते. फोलपटं बाई, तुमच्या मामी, अलग मागवे. मोठी थैली भरून. म्हणे, जवाई बोलले तं आयकून घेजो, उलटून बोलू नको."

मनूनं ओट्याखालून एक पत्र्याचा डबा ओढून काढला. निम्मा फोलपटांनी भरलेला. मी म्हटलं, एवढी मोठी थैली? मला तर मूठभर पुरायची. मनू म्हणाली, "बाबा, तुम्ही ड्यूटीवर गेले की आजी स्वतःच मिसळवायची अन् स्वतःच फुकायची. आईचा फोटो समोर ठेवून. कधी तीन-तीनदा. म्हणायची, बापाले सांगू नको."

पोटची लेक त्यांची गेली होती. माझा श्वास परत यावा म्हणून ती बाई निवडलेल्या तांदळात मुठीमुठीनं कचरा मिसळत राहिली, आणि तुमचा श्वास कसा चाललाय मामी, असं मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. शरम वाटली. रडलो, मनूसमोरच रडलो.

देवरावजी निघताना दारात चपला घालत होते. मी म्हटलं, "पुढच्या खेपेला फोलपटंही पाठवा."

ते थांबले. "लहान थैली का मोठी?"

मागं वळून पाहिलं. मनूनं तांदळाचं सूप पुढ्यात ओढलं होतं आणि डब्याचं झाकण उघडून ती मूठ भरत होती.

"मोठीच पाठवा," मी म्हटलं. "आम्ही दोघं आहो."