तीनशे बारा तळमजले

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे कपाटबाई म्हणत. जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारी आमची कंपनी. तिथले सगळे नकाशे एकतीस वर्षं बाईंनी सांभाळले. कपाटं गेली, नकाशे क्लाउडवर चढले, तरी बाईंची पद्धत तीच. इमारतीच्या नावाचा फोल्डर, त्याच्या आत मजल्याची फाइल. फाइलीवर नुसतं 'तळमजला'. गठ्ठ्यावर नाव असताना ते प्रत्येक कागदावर कशाला गिरवायचं, असं त्यांचं म्हणणं. मी ऑफिसचा कॉम्प्युटरवाला. मला त्याचं हसू यायचं.

नव्या साहेबांना बाई नकोशा झाल्या होत्या. एका शुक्रवारी निरोपाचा चहासुद्धा न देता त्यांना घरी पाठवलं, आणि संध्याकाळच्या आत त्यांचं खातं पुसून टाकायचा हुकूम मला आला. मी पुसलं.

सोमवारी आमच्या प्रोग्रॅमला एकही नकाशा सापडेना. फाइली तर होत्या. क्लाउडच्या एपीआयला, म्हणजे फाइल मागायच्या खिडकीला विचारलं की ती नाव देई, तारीख देई; फाइल कुठल्या फोल्डरात आहे हे सांगणारा रकाना तेवढा कोरा. नुसत्या तळमजल्यांच्याच तीनशे बारा फाइली, आणि सगळ्यांचं नाव तळमजला. साहेबांनी बसल्या जागी निकाल दिला की म्हातारीने जाता जाता सूड उगवला. बाईंना द्यायचं नोकरीच्या अनुभवाचं पत्र त्यांनी अडकवून ठेवलं. बाईंना एका वाचनालयात अर्ध्या दिवसाचं काम मिळत होतं, पण त्या पत्राशिवाय तिथे त्यांना कुणी दारात उभं केलं नसतं.

मी आठवडाभर डोकं आपटलं. परवानग्या तपासल्या, प्रोग्रॅम पुन्हा लिहिला, आपण मागतानाच काही विसरतोय की काय तेही पाहिलं. मग जुन्या नोंदी चाळताना ती ओळ दिसली. शुक्रवार, पाच वाजून दहा मिनिटं: खात्याबरोबर त्या खात्याचे सर्व फोल्डर नष्ट. करणारा मी. नकाशे इंजिनियरांच्या नावावर होते म्हणून वाचले, फोल्डर मात्र बाईंच्या नावावर होते. हे बघायला दोन मिनिटं लागली असती. पुसलेलं आता परत येणार नव्हतं.

तळमजला ओळखला की वरचे मजले त्यावर जुळवता येणार होते. सगळे तळमजले छापून, गठ्ठा काखोटीला मारून मी बाईंच्या घरी गेलो आणि माझी चूक सांगितली. त्या रागावल्या नाहीत, त्याचाच मला राग आला. खिडकीजवळच्या टेबलाशी चष्मा पुसून बसल्या आणि एकेक कागद हातात घेऊ लागल्या. हा दवाखाना, जिन्याखाली टाकी आहे बघ. ही शाळा, हिचा एक कोपरा काटकोनात नाही. हे दोघा भावांचं घर, मधली भिंत भांडणानंतरची. तीन दुपारी त्या सांगत होत्या, मी लिहीत होतो. चार सोडून सगळे लागले, आणि त्या चारांपायी त्या उगाच ओशाळल्या.

निघताना दाराशी म्हणाल्या, "खरं काय झालं ते साहेबांना सांग. पत्र मिळालं की माझं भागेल."

मी सांगितलं. ती ओळही दाखवली. साहेबांनी ती वाचली, बाईंची यादी वाचली आणि गोड हसले.

"एवढं सगळं पाठ? म्हणजे फोल्डर हिनेच आधी उडवले असणार. नाहीतर मग उडवले कुणी? अहवालात कुणाचं नाव घालू, तुम्हीच सांगा."

मला घर आहे, दोन मुलं आहेत. असली कारणं ज्याला त्याला तोंडपाठ असतात. माजी कर्मचाऱ्याने जाण्यापूर्वी फोल्डर नष्ट केले, संगणक विभागाने ते कौशल्याने पूर्ववत केले, असा अहवाल गेला. खाली सही माझी.

महिन्याने बाईंचा फोन आला. पत्र न मिळाल्याने वाचनालयाने दुसऱ्याच कुणाला तरी घेतल्याचं माझ्या कानावर आलं होतं.

"अरे, ते राहिलेले चार आठवले," त्या म्हणाल्या. "लिहून घेतोस ना?"

मी चारही लिहून घेतले. अहवालावरच्या माझ्या सहीचं सांगायला तोंड उघडलं, तोवर "कामात असशील" म्हणून त्यांनी फोन ठेवला होता.