तिसऱ्या ओहोळाचे आकडे

मुरुडच्या मागच्या डोंगरात एक तळं आहे. त्याला तीन ओहोळ मिळतात. अकरा वर्षं दर गुरुवारी मी त्या ओहोळांचं पाणी बाटल्यांत भरत आले. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचं, गुरुवारी दुपारी डोंगर चढायचा, मग पाण्यातले क्षार, आम्लता, नायट्रेट तपासून आकडे पुण्याच्या एका संशोधकांना पाठवायचे. पगार शिकवण्याचा मिळायचा, पण कुणी विचारलं तर मी आधी ओहोळांबद्दल सांगायचे.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वर्षभर डोंगर बंद झाला. तळ्याखालच्या वाडीत भातशेती करणाऱ्या एक वहिनी होत्या. जाता-येता मी त्यांच्या पडवीत टेकायचे. सातवी शिकलेल्या, अक्षर मोत्यासारखं. त्यांना मी बाटली भरायला आणि त्या पाण्याला क्षार मोजायचं मीटर लावायला शिकवलं. मीटरचा आकडा वहीत लिहून त्या बाटल्या एसटीनं पाठवायच्या. मी कॉलेजात तपासून बाकीचे आकडे कळवले की तेही वहीत उतरवायच्या.

वर्ष सरता सरता संशोधकांचा फोन आला. "मॅडम, सगळ्या नोंदींत हे वर्ष सरस आहे. पूर चढताना, उतरताना नमुने घेतलेत! हेच तर आपल्याकडे नव्हतं."

भर पावसात मी कधी वर गेलेच नव्हते. कातळ निसरडे होतात म्हणून. वहिनींना कुणी सांगितलं नव्हतं, तरी पाणी तांबडं झालं की इरलं घेऊन त्या निघायच्या.

नमुने वहिनींनी घेतलेत, हे सांगावंच लागलं. "त्यांना पुण्याला कार्यशाळेत बोलायला आणता का?" संशोधकांनी विचारलं.

"विचारून बघते," म्हटलं. विचारलं नाही.

उलट त्यांची वही घेऊन चुका शोधत बसले. सापडली एकदाची. हिवाळ्यात, पावसाचा थेंब नसताना, तिसऱ्या ओहोळाचे क्षार आणि नायट्रेट शेवटचे तीन आठवडे लागोपाठ दुपटीनं वाढलेले. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी उठून चहा टाकला. मग त्या तीन ओळींवर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'बाटली अस्वच्छ'. पुण्यालाही तसंच कळवलं.

वही परत मिळाली तशा वहिनी घरी आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "बाई, ह्या का खोडल्यात?"

"बाटली नीट धुतली नसेल."

"न्हाय. तीनदा धुतली व्हती, त्याच ओहोळाच्या पाण्यानं. तुमी शिकवलंत तशी."

त्या गुरुवारी गुडघा बांधून मी त्यांच्याबरोबर वर गेले. त्या पुढं चालत होत्या आणि माझ्यासाठी थांबत होत्या. त्याचाही मला राग येत होता. तिसऱ्या ओहोळात मीटर बुडवलं, तर आकडा त्यांच्या आकड्याहूनही वर. थोडं चढून गेल्यावर एका नव्या फार्महाऊसची संडासाची टाकी दिसली. फुटलेली. पाणी झिरपत थेट ओहोळात.

"तुम्हाला माहीत होतं?"

"वास येत व्हता. पन आकडा हातात असल्याबिगर बोलायचं न्हाय, तुमीच सांगितलंत ना. आन् आकडं तर खोडलंत."

मी कातळावर बसले. तळ्यातून हेच पाणी गावात नळाला येत होतं. "वहिनी, बाटली स्वच्छ होती. मलाच तुमचे आकडे चुकलेले हवे होते." पुण्याच्या निरोपाचंही सांगून टाकलं.

त्या ओहोळाशी वाकल्या. बाटली भरली, बूच लावलं, तारीख घातली. मग म्हणाल्या, "पुन्याला कंदी जायचंय?"

खोडलेले आकडे मी चूक कबूल करून पुन्हा पाठवले. ग्रामपंचायतीत वहिनींनी वही वाचून दाखवली आणि मालकाला टाकी नवी बांधावी लागली. पुण्यात त्या वीस मिनिटं बोलल्या. मी पहिल्या रांगेत होते. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, जरा जास्तच जोरात.

आता डोंगर त्यांचा, तपासणी माझी. अहवालावर दोघींची नावं असतात, त्यांचं आधी. कुणी विचारलं तर मी सांगते, वर्णानुक्रमे आहे.